सात नंबर बंद ठेवण्याबद्दल

१९ जून
या महिन्यात जनरेशन उत्तम. पठारावरच्या पवनचक्क्यांचे सगळे पंखे पहाटेपासून पूर्ण लोडवर. पुण्याहून साहेबांचा फोन, शाबासकी. बोलता बोलता खिडकीतून पाहत होतो. ढग आष्टीकडून येतात, न थांबता पाटोद्याकडे निघून जातात. जो वारा आमचं काम करतो, तोच त्यांना पळवतो. तरी शाबासकी ऐकून बरं वाटलं. हेही लिहून ठेवायला हवं.

२३ जून
आक्काकडे गेलो होतो. गाव पठाराच्या पायथ्याशीच. दाजी तिथल्या दूध संस्थेचे चेअरमन. दूध फार घटलंय. पाऊस आणखी लांबला तर डेअरीची गाडी यायची बंद होईल, मग जनावरं बाजारात. संस्थेच्या ओट्यावर मंडळी बसलेली. सगळ्यांचं एकच, पंखे ढग पळवतात. मी बी.एस्सी.चं होतं नव्हतं ते बाहेर काढलं. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.
"पावणं, येक सांगा. पंखा जोरात फिरतो तवाच ढग पळत्यात. खरं का न्हाई?"
"खरं आहे, पण..."
"झालं तर."
पुढचं कुणी ऐकलं नाही. बरोबर तर पाहिलंय त्यांनी. फक्त कारण उलटं लावलंय. पण तहानलेल्या माणसाला हा फरक केवढासा?

२६ जून
दाजी साइटवर आले, मोटारसायकलवर, डोक्याला उपरणं बांधून. सोमवारी महादेव कोंडणार आहेत. गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवायची, दार लावायचं, पाऊस येईस्तोवर देव पाण्यात. टँकरच्या पाण्यातून घरटी एक घागर. मी म्हणालो, प्यायला नाही आणि...
"लेकरांच्या तोंडचं देतोय आमी. तुमी येक पंखा द्याल का न्हाई? वारं काय तुमच्या घरचं हाय का?"
सात नंबर, गावाच्या माथ्यावरचा. दिवसभर बंद हवा. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि चहा सांगितला.

२८ जून
साहेबांना खरं कारण सांगितलं. वाटलं होतं रागावतील. हसले. "करा की बंद. मेंटेनन्स दाखवा. नव्या टॉवरना त्याच गावाची जमीन लागणार आहे, खूश ठेवा." परवानगी मिळाली आणि जास्तच वाईट वाटलं. गावाचा समज त्यांच्या सोयीचा.
पाऊस आला तर समज पक्का. नाही आला तर म्हणतील, एकच बंद केला म्हणून. म्हणजे मी नकारच द्यायला...
आक्काचा फोन. "तुला पटत न्हाई, ठाऊक हाय. मला बी धड पटत न्हाई. पण गाय इकायची येळ आली तर ह्यांना तुजंच नाव आठवल बग."
सात नंबरचं ग्रीसिंग तसंही करायचं आहे. 'तसंही' लिहिताना लाज वाटली.

२ जुलै, सोमवार
सकाळी सात नंबर थांबवला, ब्रेक लावला. मेंटेनन्सची मुलं वर चढून ग्रीसिंग करून उतरली. खोटं लिहावं लागलं नाही, एवढंच समाधान. बाकीचे पंखे फिरत होते. खाली देवळापाशी गर्दी, घागरींची ये-जा.
दुपारनंतर वारा पडला. या दिवसांत सहसा असा पडत नाही. आधी कडेचे पंखे मंदावले, मग एकेक करून सगळी रांग थांबली. आष्टीकडून काळं आलं आणि पठारावरच उभं राहिलं.
दाजींचा फोन. "पावणं, येकच मागितला हुता, तुमी समदेच थांबवले."
"दाजी, मी काही केलं नाही. वारा पडलाय."
"हां. त्येच म्हणतोय मी."
त्यांच्यामागे देवळाची घंटा वाजत होती.
आत्ता दिवेलागण. ढग जागचा हललेला नाही, थेंबही नाही. सात नंबर पुन्हा चालू करायची वेळ होऊन गेली. ब्रेक सोडला तरी वाऱ्याशिवाय पाती हलणार नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे.
अजून सोडलेला नाही.