बाटलीतला फेस

मंगळवार, दिवेलागण

आमच्या विहिरीत दवाखान्याचं सांडपाणी झिरपतंय. त्यातली औषधं शोषली जावीत म्हणून साबणासारखं रसायन लावलेल्या मातीतून पाणी गाळून ठेवलं होतं. औषध निघून गेलं, एवढं तपासलंही होतं. पण आज घरी येऊन बघते तर आप्पांनी त्याच पाण्यानं पाहुण्यांना गूळपाणी केलेलं! "माझ्या लेकीनं साफ केलंय म्हणून सांगितलं की," म्हणाले. उरलेलं गाळलेलं पाणी मी बाटलीत घालून हलवलं. फेस आला. परत हलवलं, परत फेस.

"औषध गेलंय न्हवं? मग भ्यायचं कशाला गं?"

औषध गेलंय, आप्पा. पण मी मातीला लावलेलं रसायनच पाण्यात उतरलं असेल तर? ते तपासायचं सुचलंच नाही मला. हा फेस बसतच नाही. आणि आप्पांनी पाहुण्यांना जाताना याच पाण्याचा कॅन भरून दिलाय. मघापासून फोन लावतेय, उचलत नाहीत.