हार्लनचा धूर

प्रिय व्हर्ना,

तुझं पत्र पोचलं. गोठ्याचं छप्पर शेवटी तूच शिडी लावून शाकारलंस म्हणे! शाबास. इथे आयोवात उकाड्याने जीव नकोसा झालाय, पण तुझा नवरा गावाचा लाडका आहे. बेसबॉलच्या मैदानात हार्लन पिचिंगला उभा राहिला की आमच्या बाकावरून एकच गिल्ला: "धूर काढ रे! आज चीज वाढ त्यांना!" जोरात टाकणाऱ्या पिचरला आमची पोरं धूर, आग, गॅस, चीज, वाट्टेल ते म्हणतात. हळू टाकणाऱ्याला कुणी काहीच म्हणत नाही.

त्याचे चेंडू झेलतो मी. मे महिन्यात ग्लोव्हमध्ये ओला स्पंज घालूनही तळहात असा सुजायचा की जेवताना काटा धरवत नसे. आता स्पंज नसला तरी दुखत नाही. आधी वाटलं, माझीच कातडी निबर झाली. मग वाटलं, उकाड्याने चेंडू मऊ पडत असतील. काय काय मनाला समजावलं, तुला काय सांगू!

चेंडू ग्लोव्हच्या खाचेत नेमका घेतला की 'ठो' वाजतो, आणि हळू आलेला चेंडूही वेगाचा वाटतो. प्रत्येक कॅचर आपल्या पिचरसाठी एवढं करतोच, त्यात लबाडी नाही. मी रोज वाजवतो. बाकावरचे ओरडतात, हार्लनला चेव येतो आणि तो आणखी जोर लावतो. परवा कपडे करताना त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. केस मीच विंचरले. "तुझ्या बहिणीला कळवशील तर बघ," म्हणाला आणि हसला. मी त्याला सांभाळतोय की त्याचा हात मोडतोय, मला खरंच कळेनासं झालंय.

रविवारी मोठ्या संघाचा माणूस हार्लनला पारखायला येणार आहे. जाळीमागे बसून तो डोळ्यांनी आणि कानांनी ठरवणार. निवड झाली तर हा हात कायमचा जाईल. नाही झाली तर हार्लन खचेल. आज दुपारी सँडविच खाता खाता तो सहज म्हणाला, "डेल्बर्ट, रविवारी जरा जोरात वाजव हं." म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे! केव्हापासून, कोण जाणे. मी मान डोलावली. त्याला नाही म्हणणं मला जमत नाही, म्हणून तुला लिहायला बसलो. तू शनिवारच्या बसने ये. येताना तुमच्या छोट्या ग्लेंडाला आण आणि तिला त्याच्यापुढे उभी कर. बाबाने उचलून घ्यावं म्हणून ती हात वर करेल. पुढचं मला बोलावं लागणार नाही.

तुझाच गोंधळलेला भाऊ,
डेल्बर्ट