मेंढा मागे ठेवलाय

शुक्रवार पेठ, पुणे
६ डिसेंबर १९७१

चि. हिंदुराव यास ताईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. सरकारनं सांगितल्याप्रमाणे ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळा कागद लावला. सगुणाला सातवा लागला ना? तुझी लेक असली तरी माझी सून आहे, तिला जड उचलू देऊ नकोस.

परवा भानुदासचं पत्र आलं. लिहितो, "आई, परेडला पुढे चालणारा आमच्या पलटणीचा मेंढा मागे छावणीत ठेवलाय. नुसता खाऊन माजलाय."

शेजारच्या आनंदीबाई म्हणाल्या, "लढाईत चैन मेंढ्याचीच!" मला हसता आलं नाही.

पासष्टच्या लढाईत आमच्या यांचं शेवटचं पत्र असंच होतं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. तूच वाचून दाखवलंस आणि आपण दोघं मेंढ्याला हसलो. मेंढा मागे ठेवला म्हणजे पलटण पुढे आघाडीवर गेली, हे आपल्याला कुठं ठाऊक होतं?

टपालवाला गल्लीत दिसला की मी दार लावून घेते.

सगुणाला एवढंच सांग, पत्र आलं, नवरा खुशाल आहे. मेंढ्याचं सांगू नकोस. ती हसेल, आणि काही झालंच तर ते हसणं तिला जन्मभर छळेल. मला छळतं.

तुझी,
मथुराताई