जागच्या जागी चढलेला घाट

१६ फेब्रुवारी, सोमवार

पंखा जप्त! इतिहासाने नोंद घ्यावी: चिखली गावातल्या एका नोकरदार, करदात्या, अठ्ठेचाळीस वर्षांच्या स्त्रीचा टेबलफॅन तिच्या सख्ख्या सासूने दिवसाढवळ्या उचलून कुरडयांच्या सेवेत रुजू केला. आभाळ आले म्हणून कुरडया गच्चीवरून खाली आल्या. कुरडयांना वारा लागतो. मलाही लागतो. पण मला तळून खाता येत नाही, त्यामुळे माझी बाजू लंगडी पडली.

पंख्याशिवाय ट्रेनरवर बसणे म्हणजे काय ते त्या बाईला कोण सांगणार! मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा हे यंत्र मागे टाकून गेला. सायकलचे मागचे चाक काढायचे, सायकल यंत्रावर चढवायची, समोर टीव्ही. पडद्यावर रस्ता येतो, चढ आला की पेडल आपोआप जड होते, आणि आजूबाजूला आपल्यासारखीच कुठेकुठे घरात बसून घाम गाळणारी माणसे बाहुल्या होऊन पळतात. माझ्या बाहुलीचे केस भुरे आहेत. ते काळे कसे करायचे ते वर्षभरात सापडलेले नाही.

सासूबाई दारात उभ्या राहून पाहतात. "अवं, घंटाभर झाला, जागच्या जागी कुठं जाऊन राह्यली तू?"

खऱ्या रस्त्यावर एकदाच नेली होती सायकल. बसस्टँडपर्यंत जाईतो माझ्या शाळेतल्या तीन पालकांनी अडवून विचारले, "मॅडम, गाडी बिघडली का?" पडद्यावर कोणी विचारत नाही.

१७ फेब्रुवारी

पडद्यावरच्या सायकल-लीगची जिल्ह्याजिल्ह्यांची शर्यत पंधरा मार्चला, घरूनच खेळायची; आमच्या जिल्ह्याच्या महिला संघात चौघी. तिघी ठरल्या. उरलेली एक जागा एक मार्चच्या घाटशर्यतीतून. त्या जागेसाठी खऱ्या अर्थाने दोघीच — मी आणि जानेफळची सारिका.

मला कधी कोणी कशासाठी निवडले आहे? हळदीकुंकवाच्या संगीतखुर्चीत एकदा स्टीलचा डबा मिळाला होता, तोही इतर बायका गप्पांत होत्या म्हणून. वर्तमानपत्रात आठवड्याला विनोदी सदर लिहिते, त्याचीही निवड झाली नाही. संपादकाला जागा भरायची होती. ही जागा मला पाहिजे. एवढे स्पष्ट फक्त इथेच लिहिता येते.

१८ फेब्रुवारी

सराव शर्यतीत सारिका घाटावर अशी निघून गेली की मी जणू दळण टाकायला थांबले होते. तीस-बत्तीसची पोर, शिवणकाम करते, मोबाइलच्या नेटवर खेळते. ॲपमध्ये तिने वजन भरले आहे बावन्न किलो. चढावर सगळा हिशेब वजनाचा — वजन कमी तर बाहुली वर पळते. आणि वजन ज्याचे त्यानेच भरायचे! म्हणजे विद्यार्थ्यानेच पेपर तपासण्यासारखे. बावन्न? फोटोत तर तशी वाटत नाही.

१९ फेब्रुवारी

लीगच्या मोबाइल-गटावर लिहिले: "जानेफळला गुरुत्वाकर्षण कमी पडते का? तसे असेल तर मी तिकडेच बदली मागते."

काय हसली मंडळी! बुलढाण्याहून ही लीग चालवणारा, संघपाल नावाचा, एरवी गंभीर चेहऱ्याचा क्रीडाशिक्षक, तोही हसला. मग मी सुचवले — सगळ्यांनीच सरकारी शिक्का असलेल्या काट्यावर उभे राहून व्हिडिओ टाकावा. मंजूर.

दिवस छान गेला. पंखा अजून मिळाला नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सारिकाचा व्हिडिओ आला. रेशन दुकानाचा काटा. मागे अर्धे गाव. एक म्हातारी ओरडते आहे, "काय बाई, पोरीले तोलून कोनाले देऊन राह्यले?" सगळे हसतात. सारिका हसत नाही. तारीख बोलते, आकडा बोलते, उतरते. साडेएक्कावन्न! भरले होते त्याहून अर्धा किलो कमी. स्वतःवरच जास्तीचा बोजा लादून ती मला मागे टाकत होती.

आता काय करणार! मी अंगठा वर केल्याचे चित्र टाकले. विनोदी लेखिकेची एवढीच तयारी.

२३ फेब्रुवारी

माझे वजन. गजेंद्ररावांच्या — म्हणजे आमच्या यजमानांच्या — ओळखीच्या आडत दुकानात गेलो. हरभऱ्याची आवक सुरू, धुरळा, कचरूभाऊ मापारी पोत्यांमागून पोती तोलत होते. "या ताई, या. चढा पटकन, गाड्या उभ्या हायेत." गजेंद्ररावांचा मोबाइल नेहमीप्रमाणे उशिरा सुरू झाला, मी चढल्यावर. आकडा पाहून मीच चकित. घरच्या काट्यापेक्षा चांगले दोन किलो कमी! चहातली साखर सोडल्याचे फळ. घरचा काटा मुळातच सासूबाईंच्या पक्षाचा असावा.

१ मार्च, रविवार

जिंकले!!

घाट अर्धा झाला तेव्हा सारिका पुढे होती. लाल टोपीची बाहुली, डुलत नाही, मागे पाहत नाही. माझ्या डोळ्यांत घाम. गजेंद्रराव पोह्यांची बशी घेऊन खुर्चीवर — "मार! मार! आली टप्प्यात!" तोंडातले पोहे टीव्हीवर. शेवटच्या वळणावर तिला गाठले, आणि बाहुलीच्या चाकाएवढ्या फरकाने वर पोचले. दोन मिनिटे हँडलवर डोके ठेवून पडून होते. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या आणला, आणि तो देताना म्हणाल्या, "पोचली का एकदाची?"

पोचले म्हणाले.

गटावर सारिका: "अभिनंदन ताई. मस्त चढल्या तुम्ही."

एवढेच. एखादा टोमणा मारला असता तर बरे वाटले असते.

६ मार्च, शुक्रवार

शेतातला हरभरा निघाला. सुट्टी टाकून गजेंद्ररावांबरोबर आडतीवर गेले — खरे म्हणजे कचरूभाऊंना निवडीचे सांगून मिरवायचे होते.

कचरूभाऊंनी आमची पोती तोलायला घेतली. आधी दोन रिकामी पोती घडी करून काट्यावर ठेवली, बटण दाबले, आकडा शून्य झाला. मग ती रिकामी पोती काढून भरलेली दोन चढवली. म्हणजे बारदान्याचे वजन आधीच वजा, उरतो तो निव्वळ माल. हे मी जन्मभर पाहत आले आहे. आज मात्र पाहता पाहता काट्याजवळ गेले.

"कचरूभाऊ, त्या दिवशी मी चढले तेव्हाही काटा असाच लावलेला होता?"

"हो ना. सकाळपासून हरभराच चालू होता. काऊन, काय झालं?"

"मी काय पोत्यात होते का?"

कचरूभाऊंनी जीभ चावली. "अरे बाप्पा! हाताले सवयच ते, ताई."

मी म्हणाले, नुसत्या शून्यावर लावा. चढले. दोन किलो परत आले. कचरूभाऊ माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "दोन किलो वाढल्या म्हना ना तुमी."

घाटावर दोन किलो म्हणजे चाकाएवढा फरक नव्हे. सारिका माझ्या कितीतरी पुढे असती. मी तिला गाठले नव्हते. मला दोन पोत्यांनी वर ढकलले होते.

घरी येताना गजेंद्रराव: "अवं, सोड ना. तू थोडीच लबाडी केली. मापाऱ्याची चूक."

बरोबर आहे त्यांचे. मी लबाडी केली नाही. लबाडी सारिकानेही केली नव्हती, तिच्यावर मात्र मी गटाला हसवले होते.

७ मार्च, शनिवार

शाळेत महिला दिन, एक दिवस आधीच, म्हणजे रविवारची सुट्टी बुडायला नको. "आपल्या शाळेची शान, सायकलपटू जयमाला मॅडम" म्हणून शाल, नारळ. मुख्याध्यापक म्हणाले, मॅडमनी घरबसल्या हिमालय चढला. टाळ्या. हिमालय नव्हता. घरबसल्याही पुरते खरे नव्हते, दोन किलोंचा चढ आडतीवरच उतरला होता. बोलायला सांगितले तेव्हा घसा बसला आहे अशी खूण केली.

९ मार्च, सोमवार

संघपालला फोन केला. सगळे सांगितले. तो हसला.

"पोत्याचं वजन? ताई, हे तुमच्या सदरात टाका, लोक लोळतीन."

"ते राहू दे. जागेचे काय?"

"जाऊ द्या ना. नावं वर पाठवायला गुरुवारपर्यंत वेळ हाय, पण उगाच कशाले? सारिकाच्या गावाले पंधराच्या इतवारी दिवसभर लाइन नाही, विजेच्या तारांचं दुरुस्तीचं काम हाय. जागा दिली तरी ते पोरगी काय करन? अंधारात चढन का?"

म्हणजे झाले. जागा माझ्याकडेच राहते, आणि ती ठेवण्यात माझा काही दोषही नाही. इतकी सोयीची अडचण मला आयुष्यात मिळाली नव्हती.

तरी फोन ठेवल्यावर भांडी इतकी आपटली की सासूबाई म्हणाल्या, "त्या पातेल्यानं काय केलं तुह्यं?"

१० मार्च

कोणाला कळणार नाही.

मला कळले आहे, तेवढीच अडचण. चिडचिड नुसती. ट्रेनरवर बसले, पाच मिनिटांत उतरले. त्या भुऱ्या केसांच्या बाईचा चेहरासुद्धा पाहवेना.

११ मार्च, बुधवार

गटावर टाकायला मजकूर लिहिला. "मित्रांनो, तपासाअंती असे निष्पन्न झाले की मी निव्वळ माल आहे, माझा बारदाना आडतीवरच राहिला..." उत्तम जमला होता. खोडला. दुसरा लिहिला, त्याहून गमतीदार. तोही खोडला. लोक हसतील, "ताई, तुम्ही पण ना!" म्हणतील, आणि मी हसण्यावारी सुटून जाईन. सारिकाला मात्र त्या दिवशी हसण्यावारी काही सुटता आले नव्हते. अर्ध्या गावासमोर काट्यावर चढावे लागले होते तिला.

गजेंद्रराव: "किती टायमाचं काय लिहून राह्यली? सदर आहे का?"

सदर नाही म्हणाले. सदर असते तर केव्हाच झाले असते.

१२ मार्च, गुरुवार

गटावर टाकले. एकही विनोद नाही: "माझे वजन दोन किलो कमी नोंदले गेले होते. घाट सारिकाने जिंकला आहे. तिच्या वजनाबद्दल मी जे लिहिले ते खोटे होते आणि वाईट होते. जागा तिची."

कोणी हसले नाही. संघपालने यादीतले नाव बदलल्याचे कळवले.

नंतर सारिकाला वेगळा फोन केला. रविवारी चिखलीला लाइन आहे, म्हणाले. तिने विचारले, "सकाळच्या गाडीनं येऊ का?"

१५ मार्च, रविवार

सारिका एसटीने आली. चहा नको म्हणाली, शर्यतीआधी पीत नाही. माझ्या सायकलवर बसून पाहिले — पाय पेडलपर्यंत पुरेनात. मी पाना काढला आणि सीट खाली घ्यायला लागले.

"राहू द्या ताई, तुमचं माप बिघडन ना."

"बिघडू दे. सांग, अजून किती खाली?"