भर दुपारचं टोपडं

वस्तीवरून, ता. पाथर्डी
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. पंकजा हिला केशरबाईचा आशीर्वाद. माझ्या कल्याणलाही सांग.

इकडे सगळं ठीक. शेळी व्याली, दोन करडं झाली. ज्वारी काढायला आली आहे. तुझ्या सासऱ्यांचा खोकला आहे तसाच आहे, आणि बिडी सोडा म्हटलं की माझ्यावर खेकसणंही तसंच आहे. तुझा समर्थ आता बरा आहे.

'आता' कशाला लिहिलं, म्हणशील. खोडणार होते. पण खोडलेलं दिसलं की तू कागद उजेडाला धरून वाचतेस, तुझी सवय मला माहीत आहे. राहू दे तो 'आता'.

फोनवर सांगायचं तीनदा तोंडापर्यंत आलं. पण तिकडं ऊसतोडीच्या तळावर फोन कल्याणच्या हातात, तो स्पीकरवर, आणि शेजारच्या पाचटाच्या कोपीतल्या बाया कान लावून बसलेल्या. तू विचारतेस, "आत्या, समर्थ काय करतोय?" की माझी जीभ आपली आपण म्हणते, "लई मस्त हाय." मेली जीभ! म्हणून सातवीपर्यंत शिकलेलं आज कामाला काढलं. तो झोपलाय तोवर लिहिते. एवढं लिहिताना दोनदा उठून त्याच्या ओठाला बोट लावून आले. ओले आहेत.

समर्थला जुलाब झाले होते, पंकजा. पाच तारखेला सकाळी सुरू झाले. मी म्हटलं दाताचे असतील, वरचा दात येतोयच. दुपारपर्यंत पाच लंगोट धुतले. शेजारची बनुबाई आली, ती म्हणाली, "पानी पाजू नको, पाजलं तेवढं खालून जातंय." मला ते पटलं. बनुबाईच्या डोक्यावर खापर फोडत नाही, मला स्वतःलाच पटलं. पाणी बंद केलं. लेकरू माझ्या हातातल्या तांब्याकडं हात करायचं आणि मी तांब्या पदराखाली घ्यायची. तेरा महिन्यांचं पोर!

आणि फळीवर काय होतं माहीत आहे? आपल्या आशाताई ज्ञानेश्वरीनं महिन्यापूर्वी घरोघर वाटलेल्या दोन पुड्या, मीठ-साखरेच्या, आणि झिंकच्या चौदा गोळ्यांचं पाकीट. देताना तिनं सगळं सांगितलं होतं. मी "व्हय व्हय" केलं आणि शेवयांच्या डब्यामागं ठेवून दिलं. कालची पोर मला काय लेकरं वाढवायला शिकवते, असं मनात आलं. तुला तर माझा तोरा माहीतच आहे.

सहा तारखेला दुपारी तुझा व्हिडिओ कॉल आला. आठवतं? मी समर्थला टोपडं घातलं होतं. तू म्हणालीस, "आत्या, भर दुपारी टोपडं? उकडंल की त्याला." मी म्हणाले, "दृष्ट लागती, लई बाळसं धरलंय." तू हसलीस. कल्याणही हसला.

बाळसं कसलं? त्याच्या टाळूला तेल लावायला बसले होते. रोज दोन थेंब पुरतात. त्या दिवशी टाळू खोल गेलेली, तेल ओतलं तर वाटीत साचावं तसं साचून राहिलं. मला कळलं नाही असं नाही. तेवढ्यात तुझा फोन वाजला, आणि पंकजा, मी पहिलं काय केलं तर टोपडं शोधलं. दवाखाना आठवला नाही, पाणी आठवलं नाही. तुला दिसू नये एवढंच सुचलं.

का, तेही सांगते. नोव्हेंबरात ऊसतोडीची टोळी निघाली तेव्हा तू म्हणाली होतीस, "आत्या, अजून अंगावर पितंय, संगं नेते." मी चार माणसांत बोलले, "तुला लेकरू सांभाळता येतंय का? तिथल्या घाण पाण्यानं मारशील त्याला." तू तिथंच रडलीस. तुझं दूध मी तोडायला लावलं. ट्रॅक्टरवर बसलीस तेव्हा तुझ्या पोलक्याची छाती भिजलेली होती, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आता तेच पोर माझ्या घरात, माझ्या हातानं सुकत चाललेलं, ते तुला कुठल्या तोंडानं दाखवायचं?

फोन बंद झाला आणि घटकाभरानं ज्ञानेश्वरी आली. कुणी बोलावलं नव्हतं, तिची फेरी होती. तिनं आल्या आल्या टोपडं काढलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लवकर खाली बसेना. पोर रडत होतं पण डोळ्यांत टिपूस नाही. ती माझ्यावर ओरडली, "काकू, पानी बंद कुनी केलं?" आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला उलटून बोलले नाही.

तिनं विकतच्या पाण्याची एक लिटरची बाटली धुऊन घेतली, त्या बाटलीच्या मापानं उकळून गार केलेलं पाणी घेतलं, एक पूर्ण पुडी त्यात टाकली. दुधाच्या पिकअपला थांबवून आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात निघालो. वाटेत सगळ्या खड्ड्यांतून ती चमच्या चमच्यानं पाजत होती. समर्थनं एकदा ओकलं, मी म्हटलं संपलं सगळं. ती म्हणाली, "धा मिन्टं थांबू, परत पाजू." आणि परत पाजलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, म्हणाल्या तोंडानं पितोय तर सुई नको, इथंच बसा, माझ्यासमोर पाजा. चार तास मी चमचा सोडला नाही. मग नर्सनं काखेत थर्मामीटर घातला तशी स्वारी चिडून रडली, आणि दोन्ही गालांवरून पाणी आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हं, आता जमलं." बाई गं, तुझ्या लेकाच्या रडण्याचा मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. मी तिथं सगळ्यांसमोर भोकाड पसरलं.

इथं संपलं असतं तर मी शहाणी ठरले असते. झिंकची गोळी रोज एक, चमच्यात पाण्यात विरघळवून, जुलाब थांबले तरी चौदा दिवस, असं बजावून सांगितलं होतं. चार दिवस दिली. पाचव्या दिवशी त्याला घट्ट झालं. मग म्हटलं बऱ्या झालेल्या लेकराला औषध कशाला, आणि त्याच दिवशी एक करडू हगायला लागलं. हसू नकोस. दोन गोळ्या करडाला घातल्या.

बारा तारखेला ज्ञानेश्वरी आली, पाकीट मोजलं. सात राहायला हव्या होत्या, आठ होत्या. "एकच दिवस चुकला काकू, चालतंय," म्हणाली. मी पाकीट परत फळीवर ठेवलं. ती बांध ओलांडून गेली. आणि मला वाटलं, बाई, हे पुन्हा टोपडंच घातलं मी. पायात चप्पल नव्हती तशी तिच्यामागं पळाले आणि करडाचं सांगितलं, तीन दिवस चुकले तेही सांगितलं. ती रागवायची ती हसतच सुटली. तिच्याजवळच्या दोन गोळ्या दिल्या. म्हणाली, या गोळीनं आताचा जुलाब लवकर आवरतो आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा व्हायची भीती कमी होते, म्हणून चौदा. दुसऱ्या दिवसापासून चुकवली नाही. आज नववी दिली. पाच आहेत.

अंगावर पाजणं तर अजिबात थांबवायचं नव्हतं, हेही तिनंच सांगितलं. जुलाबात आईचं दूध आधी. ते ऐकून मी दोन दिवस जेवले नाही. तुझ्या सासऱ्यांना वाटलं गुडघे दुखतायत.

माझ्यानं इथं बसवत नाही आता. समर्थ खोकला तरी मी दचकते, शी केली तर काडीनं उलटून बघते. म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्याच्या एसटीनं समर्थला घेऊन नगरला, तिथून श्रीरामपूरच्या गाडीनं बेलापूरला उतरते, आणि तुमच्या कोप्यांवर येते. कल्याणला कळवलेलं नाही. लेकरू तुझ्या मांडीवर देईन, हे पत्र हातात देईन. तोंडानं सांगायला लागले तर मी मलाच वाचवून सांगेन, म्हणून वाचूनच घे.

मग तू ठरव. माझ्याकडं ठेवायचा म्हणालीस तर नेते, आणि रोज टोपड्याशिवाय दाखवते. तुझ्याजवळ ठेवायचा असेल तर नवरा-बायकोच्या जोडीचा कोयता अर्धा पडतो, टोळीचा मुकादम तुला बसू देणार नाही, हे मी वीस वर्षं ऊस तोडलेली बाई जाणते. तर तुझ्या जागी मी उभी राहते. कल्याण तोडेल, मी मोळ्या बांधीन. गुडघ्याचं रडगाणं मी गाते ते अर्धं खरं आहे, अर्धं घरी बसण्यासाठी आहे. तू पाणी उकळून गार करून ठेव, लेकराजवळ बस. हंगाम संपेपर्यंत कोपीत झोपायची माझी तयारी आहे, माझं लुगडं-पांघरूण घेऊनच येतेय.

माफ कर असं लिहिणार होते. ते तू लेकरू घेतल्यावर तुला वाटलं तर.

समर्थची आजी
(तुझी सासू म्हणून सही करायला आज हात धजत नाही)
केशरबाई