मंत्रिमंडळाचा एकच आवाज

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझी कंबर कशी आहे? अजून बाळंतिणींच्या वॉर्डात एकटीच राबतेस का?

रेडिओवर ऐकण्याआधी माझ्याकडूनच ऐक. काल मंत्रिमंडळाने तुझा दवाखाना बंद करायचं ठरवलं. केंद्राकडे बोट दाखवायचीही सोय नाही, कारण दवाखाने राज्याच्याच हातात. मी घसा फोडून विरोध केला. मुख्यमंत्री शांतपणे म्हणाले, "आत हवं तेवढं भांडा हो. दार उघडलं की निर्णय सगळ्यांचा."

बरोबर आहे त्यांचं. ज्याला हे जमत नाही त्याने उठावं. मी उठलो. मंत्रिपदाचा राजीनामा त्यांच्या हातात दिला. ते राज्यपालांकडे पाठवतील. माझं जुनं टायरचं दुकान आठवून मागे कुणीतरी कुजबुजलं, "टायर विकणारा शेवटी पायीच निघाला!" माझे कान किती तिखट ते तुला ठाऊकच आहे. हसू आलं.

आमदारकी अजून आहे. उद्या विधानसभेत मागच्या बाकावरून विचारणार आहे, आपल्याकडच्या बायकांनी बाळंतपणाला जायचं कुठे?

दवाखाना वाचेल असं वचन देत नाही, ताई. पण तो बंद करणाऱ्यांत तुझा भाऊ नव्हता, एवढं वॉर्डात सांग.

तुझ्याच डब्यावर वाढलेला,
धाकटा