दोन हिसके

५ मे, सकाळ

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत बरी आहे, गोदामातलं काम बरं चाललंय आणि तू डबा वेळेवर खातोयस, असं मी धरून चालते. तू काही कळवत नाहीस, मग धरूनच चालावं लागतं. फोन केला की 'कामात आहे, ताई' म्हणून ठेवून देतोस. चाळिशीचा घोडा झालास तरी मला टाळायची तऱ्हा तीच, पलंगाखाली लपायची. पत्र निदान मध्येच ठेवून देता येत नाही. आणि दिलंस तरी मला दिसणार नाही.

इकडे सगळं ठीक. नदीचं पाणी उतरतंय, तळ स्वच्छ व्हायला लागलाय, आणि ट्राउट मासे उथळ पाण्यात यायला लागलेत. १९ तारखेला सहल आहे, तीन दिवसांची. सहा जण येतायत. दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको (हो, तेच, गळात स्वतःचाच कान अडकवणारे), टपाल खात्यातले दोघे मित्र, एक न्हावी आणि एक बस चालवणारी बाई. मी सगळ्यांना यादी पाठवली. जाड मोजे आणा, टोपी आणा, नवे बूट आणू नका. डॉक्टरांनी उलट विचारलंय, सूट चालेल का. त्यांना म्हटलं, मासे ओळख ठेवत नाहीत, काहीही घाला.

अंगणात वाट चालायला जागा नाही. पाण्यात उतरायच्या, छातीपर्यंतच्या सहा रबरी विजारी उलट्या टांगल्यात. साबणाचं पाणी लावून एकेकीची भोकं शोधते आणि ठिगळं लावते. काठ्या पुसून झाल्या. गळांचे काटे पकडीनं दाबून झाले, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटणार नाही. गळांवर पिसांच्या खोट्या माश्याही बांधायला घेतल्यात. कोंबड्याच्या मानेचं पीस यंदा इतकं सुंदर मिळालंय की तू असतास तर हातातून हिसकावून घेतलं असतंस. एक बांधलेली माशी सोबत पाठवतेय. गोदामात खोक्यांवर फेकून बघ, काही लागतंय का.

तर मुद्द्याचं. सहा जणांमागे दोन गाइड लागतात, हे तुला माहीत आहे. दोन वर्षं मी तिघांपेक्षा जास्त घेतलेच नाहीत आणि त्यांनाही गुडघाभर पाण्यापुढे नेलं नाही. यंदा सहा घेतले, कारण तुझ्या परवान्यावरची बंदी मार्चमध्ये संपली. अर्ज मी भरून ठेवलाय. तुझी फक्त सही हवी. रागावू नकोस, विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास.

मास्तर त्या सहलीत गेले त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत तू नदीकाठी पाय ठेवला नाहीस. झालं ते झालं, रे. नदीत अशा गोष्टी होतात. तू ये. तीन दिवस फक्त.

तुझी वाट बघणारी,
ताई

ता. क. तुझे बूट मी दर महिन्याला तेल लावून ठेवते. उगाच नाही ठेवत.


१० मे, दुपार

बारक्या,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी! एवढं शब्दांचं रेशनिंग कशाला?

'माशीचं नेढं बुजलंय. डोळे तपासून घे. मला जमणार नाही. पट्टे नीट बघ.'

मोजल्या तर चार निघाल्या. असो.

कार्ड वाचून मी आधी तावातावानं डबा उघडला, म्हटलं शहाणा मला शिकवतो. मग सुई घेऊन एकेक माशी तपासली. चोवीसच्या चोवीस, बारक्या! प्रत्येक गळाच्या नेढ्यात दोरा आणि लाख. ओवायला जागाच नाही. पाच दिवस बसून मी निरुपयोगी पिसं बांधत होते आणि वर तुला मिरवायला पाठवली. हसू आलं, मग हसता हसता रडूच आलं.

डोळे मी तपासून घेतलेत. फेब्रुवारीतच. तुला सांगितलं नाही. डाव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय. मी माणसाकडे बघते तेव्हा त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. उजवा त्याच वाटेवर आहे. चष्म्यानं काही होणार नाही, म्हणाला डोळ्यांचा डॉक्टर. बरा माणूस आहे, पण मी काय काम करते ते ऐकल्यावर त्यानं जे तोंड केलं असेल, ते मला दिसलं नाही हेच बरं.

काल एकटीच उतारावर गेले होते. आपला उतार, जिथून पलीकडे जातो. हजारदा तरी ओलांडला असेल, डोळे मिटून जाईन असं म्हणायचे ना मी? घे! दगड समजून पाय ठेवला आणि तो खड्डा निघाला. छातीपर्यंत गेले. पट्टा घट्ट होता म्हणून पाणी कमरेखाली उतरलं नाही, नाहीतर विजार भरली असती आणि तिनंच मला खाली नेलं असतं. काठावर आले आणि अर्धा तास नुसती बसून होते.

म्हणशील, मग सहल रद्द कर. दोनदा पत्र लिहिलं तसं. नाही पाठवता आलं, आणि त्याचं कारण मागच्या पत्रात मी तुझ्यापासून लपवलं. ती बस चालवणारी बाई म्हणजे मास्तरांची मुलगी आहे.

तिनं मला लिहिलंय, 'वडील जिथे उभे होते तिथे मला एकदा उभं राहायचंय. ज्यांनी शेवटी त्यांना धरलं होतं, त्यांच्याशी बोलायचंय. भांडायचं नाही. सहल रद्द झाली तरी मी येणार आहे. उतार मला नकाशावर सापडलाय.'

कळलं का? ती एकटी उतरेल. जिनं आयुष्यात गुडघाभर पाणी पाहिलं नाही, ती त्या उतारात उतरेल, आणि मी काठावर उभी राहून तिचे कान बघत बसेन. माझ्यानं तिला धरवणार नाही. या नदीत तिला धरून नेईल असा माणूस मला एकच ठाऊक आहे, आणि तो गोदामात खोकी मोजतोय.

तुला वाटतं तू नीट धरलं नाहीस. मला माहीत आहे तुला तसं वाटतं. पण बारक्या, तसं नाहीये. एवढंच सांगते. तसं नाहीये.

पाया पडते, ये.

ताई


१४ मे, सकाळी सात

बारक्या,

तुझं उत्तर नाही. नसेना का. आता जे लिहिते ते वाचून मग काय ते ठरव, पण शेवटपर्यंत वाच.

काल तिचा फोन आला, मास्तरांच्या मुलीचा. मोठा, मोकळा आवाज आहे, बसमधल्या माणसांना मागे सरका म्हणून सांगून सांगून झाला असेल. बूट कोणते, मोजे किती, सगळं विचारलं. मग म्हणाली, "ताई, बाबांचा तो हिरवा पट्टा कधी सापडला का हो? मीच दिला होता त्यांना, निवृत्त झाले तेव्हा. सापडला असता तर तोच बांधला असता मी."

मी म्हटलं, "नाही सापडला."

असं म्हटलं मी. तोंडातून सहज निघालं, पाणी प्यायल्यासारखं. फोन ठेवला, ट्रंक उघडली आणि पट्टा मांडीवर घेऊन बसले.

हो. माझ्याकडे आहे. पहिल्यापासून माझ्याकडे आहे.

त्या दिवशी जेवणानंतर मास्तर म्हणाले होते, पोटाला काचतोय, जरा सैल करून द्या. बकलाचा खिळा वाकला होता. मी पट्टा काढून घेतला, म्हटलं पकडीनं सरळ करून देते, आणि जाकिटाच्या खिशात टाकला. तेवढ्यात पलीकडच्या काठाशी मासे वर यायला लागले. तुला आठवतं ना कसे येत होते, पाणी उकळतंय असं वाटत होतं. मी वेड्यासारखी ओरडले, 'चला, चला, आत्ताच!' तू आधीच पाण्यात तुझ्या जागेवर जाऊन उभा होतास. रोज मी त्यांना काठावर रांगेत उभं करायचे, प्रत्येकाचा पट्टा धरून दोन हिसके द्यायचे आणि मग 'जा' म्हणायचे. त्या दिवशी मी नुसतंच 'जा' म्हटलं. मास्तर तुझ्याकडे आले. मी ज्याला पाठवलं त्याचा पट्टा तू कधी बघितला नाहीस, आणि का बघशील? वीस वर्षं माझे दोन हिसके कधी चुकले नव्हते.

ते घसरले. तू त्यांना कमरेला धरून ओढलंस. विजार भरली, आणि ते तुझ्या हातातून गेले. तुझी समजूत अशी की तुझ्याच ओढण्यानं पट्टा सुटला. तू त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मला म्हणालास, "ताई, माझ्या हातानं सुटला गं, मीच सोडवला." तुझे दोन्ही हात तू माझ्यापुढे धरले होतेस. आणि पट्टा माझ्या खिशात होता. तासाभरापूर्वी मला तो हाताला लागला होता. मी तुला पाणी दिलं आणि म्हटलं, "निज जरा."

निज जरा! हे म्हटलं मी तुला.

मग चौकशी. साहेबांनी विचारलं, पट्टे कोण तपासायचं? मी म्हटलं, "दोघंही." तू माझ्याकडे बघितलंस आणि खाली मान घातलीस. तुला वाटलं, ताई माझा भार वाटून घेतेय. मला कळत होतं तुला काय वाटतंय ते, आणि मी ते वाटू दिलं. त्यांना धरणारा तू होतास म्हणून तुझा परवाना गेला, माझा राहिला. तुझी नदी गेली, घर गेलं, तू गोदामात गेलास. मी इथे बसून तुझ्या बुटांना तेल लावत राहिले, जसं काही तेलानं फिटेल.

रोज सांगणार होते. आधी वाटलं, चौकशी संपू दे. मग वाटलं, तू सावरू दे. मग इतके दिवस झाले की सांगायचं म्हणजे ते सगळे दिवसही सांगायचे. भ्याले, बारक्या. दुसरं काही नाही. दुनियेवर खेकसणारी तुझी ताई, ती भ्याली. तुझ्या कार्डावरचं 'पट्टे नीट बघ' वाचलं तेव्हा वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. तू स्वतःला दोषी धरून मला जपायला सांगत होतास.

काल दुपारीच तिला सगळं लिहून कळवलं. हे पत्र लिहायच्या आधी तिचं टाकून आले, म्हणजे मला माघार घेता येऊ नये. ती कदाचित येणार नाही. कदाचित पोलीस घेऊन येईल. तिची मर्जी. पण मला वाटतं ती येईल आणि उतारावर जाईल, कारण तिला माझ्याकडून काही नकोच होतं, फक्त तिथे उभं राहायचंय.

बाकी पाच जणांनाही कळवलंय, १९ ला सकाळी सातपर्यंत पुलापाशी दुसरा गाइड दिसला नाही तर कुणीही पाण्यात उतरायचं नाही. ते ऐकतील. ती ऐकणार नाही. मी काठावर असेन, पण मी पाण्यात उतरणार नाही. माझ्या डोळ्यांनी कुणाला न्यायचा मला हक्क नाही.

मागच्या पत्रात मी 'पाया पडते, ये' असं लिहिलं होतं. ते परत घेते. माझ्यासाठी येऊ नकोस. माझं तोंड बघायचं नसेल तर मला सांग, मी घरातच बसेन, विजारी आणि काठ्या पुलापाशी ठेवून. पण ती तिथे असेल, आणि तिला पलीकडे नेऊन परत आणणारं कुणीतरी लागेल. तुझ्या हातांनी काही सुटलं नव्हतं. ते हात चांगले आहेत.

पट्टा सोबत पाठवतेय. बकल अजून वाकडंच आहे, मी सरळ केलं नाही, दाखवायला लागेल म्हणून. हे पत्र आणि पट्टा दोन्ही चौकशीच्या कचेरीत ने. बोलावतील तेव्हा मी येईन. नंतर तो तिला दे, तिचा आहे.

आणि आलास, तर एक कर. उतरण्याआधी सगळ्यांना काठावर रांगेत उभं कर आणि तूच दे दोन-दोन हिसके. जोरात दे.

साहेबांनी विचारलं होतं, पट्टे कोण तपासायचं. तीन वर्षांनी उत्तर देते, सहीसकट.

मी तपासायचे. मी एकटी.

ताई